बॅगेत काय काय होतं

पट्टा थांबला तेव्हा त्यावर पुठ्ठ्याचं एक खोकं आणि कुणाची तरी लांब दांड्याची छत्री एवढंच उरलं होतं. दोन्हींतलं काहीच आमचं नव्हतं. तरीही मी पट्ट्याच्या टोकाशी गेले आणि रबरी झालर बाजूला करून आत डोकावले. तिथल्या सुरक्षारक्षकाने "मॅडम, मॅडम" केलं तेव्हा मागे सरले. मला थांबता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. लिफ्ट यायला वेळ लागला की मी बटण पुन्हा पुन्हा दाबते. त्याने काही होत नाही हे मला माहीत असतं.

आई-बाबांना घेऊन मी नागपूरहून बंगळुरूला आले होते. मध्ये हैदराबादला विमान बदललं होतं आणि तिथेच कुठेतरी आमची मोठी निळी बॅग मागे राहिली असणार. मला तेव्हा नुसता वैताग आला होता. विमानतळ शहराच्या एका टोकाला, बेळ्ळंदूरचा माझा फ्लॅट दुसऱ्या टोकाला, आणि हेब्बाळच्या पुलाशी चारनंतर पोचलं की गाड्यांच्या रांगेत पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. घड्याळ बघत मी बाबांना म्हणाले, "कपडेच आहेत ना. फॉर्म भरू आणि निघू. उद्या घरी आणून देतात."

बाबांनी रिकाम्या ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. आई थोडी पलीकडे खुर्चीवर बसून पदराने चष्मा पुसत होती. तिच्याकडे एकदा बघून ते हळूच म्हणाले, "डबा त्यातच आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

डब्यात आईच्या बायोप्सीच्या काचा होत्या. महिन्याभरापूर्वी नागपूरला तिच्या काखेजवळच्या गाठीत सुई घालून तुकडा काढला होता. मेणात बसवलेले त्याचे दोन छोटे ठोकळे, आणि पातळ काप लावलेल्या काचेच्या चार पट्ट्या. बंगळुरूच्या ज्या डॉक्टरांची गुरुवार सकाळची वेळ मी दहा जणांना फोन करून मिळवली होती, त्यांना नागपूरचा नुसता कागद चालणार नव्हता. मूळ काचा आणि ठोकळे आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा बघितल्याशिवाय ते औषध ठरवणार नव्हते. शनिवारी ते महिनाभरासाठी परदेशी निघणार होते. डबा गेला तर आईला पुन्हा सुई, पुन्हा वाट बघणं, आणि तोवर ते आत वाढत राहणार.

'ते' असंच आम्ही म्हणत होतो. घरात त्या शब्दाचा उच्चार होत नव्हता, कारण आईला सांगितलेलं नव्हतं. आई आत कपडे नीट करत असताना डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेरच्या व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. ती बाहेर येईपर्यंत बाबांचं ठरलंसुद्धा होतं. "तिला नको," एवढंच ते म्हणाले, आणि मी मान हलवली. ऑफिसात कुणी प्रोजेक्टची अडचण दोन दिवस लपवली तर मी त्याला फैलावर घेते. इथे मात्र एका सेकंदात लपवणाऱ्यांत सामील झाले. आईला आम्ही सांगितलं, साधी गाठ आहे, पण बंगळुरूला मशिनी चांगल्या आहेत, एकदा दाखवून घेऊ, आणि तेवढंच तुझं माझ्याकडे राहणंही होईल. ती म्हणाली, "बरं."

आता बॅगेचं. निघताना नागपूरच्या विमानतळावर मी बाबांना विचारलं होतं, डबा घेतला ना? ते म्हणाले, सोबत आहे. माझ्या मते सोबत म्हणजे हातातल्या पिशवीत. पण आमच्या घरात हातातली पिशवी हे आईचं राज्य आहे. तिच्यात चिवडा असतो, गोळ्या असतात, लिंबाचं लोणचं आणि दशम्या असतात, आणि ती प्रवासात दर दहा मिनिटांनी तिच्यात तळापर्यंत हात घालते. तिथे डबा ठेवला असता तर विमान उडायच्या आत तिच्या हाताला लागला असता. म्हणून बाबांनी तो मोठ्या बॅगेत, आपल्या कपड्यांच्या पार तळाशी खुपसला, बॅगेला छोटं पितळी कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. घरात जी वस्तू सगळ्यात महत्त्वाची होती ती आम्ही आपल्या हाताने पट्ट्यावर सोडून दिली, ती केवळ आईला दिसू नये म्हणून.

मला बाबांवर ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं, कारण आई उठून आमच्याकडे येत होती.

हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर एक पन्नाशीचा माणूस होता, कपाळावर गंधाचा बारीक टिळा. माझा बेत असा होता की त्याच्याशी इंग्रजीत भराभर बोलायचं. पण आईने शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलंय, इंग्रजीतलं 'मेडिकल' तिच्या कानावरून निसटणार नव्हतं. मग आईला बाकावर बसवून यावं म्हणून मी तिला म्हणाले, तू बस गं, तुझे पाय दुखतील. ती म्हणाली, "विमानात बसूनच आली ना मी." आणि काउंटरला हात टेकून उभी राहिली.

आमचं बोलणं ऐकून त्या माणसाचा चेहरा उजळला. "मराठी काय? आम्ही पण मराठी. आमचे पणजोबा आले इकडे. स्वल्प थांबा अक्का, तुमचं मीच बघतो." त्याने तोंडभर हसून संगणक बाजूला सारला, फॉर्म पुढे ओढला, आणि माझा उरलासुरला बेतही बुडाला. परक्या गावात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की कुणालाही बरं वाटतं. मला त्या क्षणी तो कानडीत बोलला असता तर हवं होतं.

"रंग निळा. सरी, ठीक. कुलूप आहे. आत काय काय आहे ते सांगा की अक्का. नीट सांगितलं तर बरं. टॅग फाटला असेल तर आतल्या सामानावरनंच ओळखायला लागतं."

बाबा म्हणाले, "कपडे."

"कपडे सगळ्यांचेच असतात अण्णा. अजून?"

"मेतकूट," आई म्हणाली. "सांडगे. हिच्यासाठी तिळाची चटणी. यांचं दाढीचं सामान. आणि माझ्या दोन साड्या."

त्याने सगळं लिहिलं. "अजून काही खास? किमती?"

बाबा जमिनीकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही. एवढंच." फॉर्मवर सही करताना पेन चालेना, तर मी ते इतकं जोरात दाबलं की कागद फाटला.

मी स्वतःला समजावलं की घरी गेल्यावर फोन करून सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तोच उद्योग. काउंटरचा नंबर नुसता वाजत राहायचा. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी गाणं, मग एक गोड आवाजाची मुलगी. तिला मी जिन्यात उभी राहून, दार लोटून घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला फार वाईट वाटतंय, पण सामानाच्या यादीत बदल करायचा असेल तर ईमेल पाठवावा लागेल. पाठवला. क्षणात उत्तर आलं. आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, बहात्तर तासांत संपर्क करू. बहात्तर तासांनी शुक्रवार येत होता. मी त्याच उत्तराला चिडून पुन्हा उत्तर दिलं आणि पुन्हा तेच आलं.

घरून काम करते असं ऑफिसात कळवलं होतं, पण काम कसलं. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद आणि दुसऱ्या खिडकीत बॅगेचा शोध. 'तपास सुरू आहे.' पान पुन्हा उघडायचं. 'तपास सुरू आहे.' मधूनच फोन थरथरायचा आणि मी त्यावर झडप घालायचे. तो आमच्या सोसायटीच्या गेटचा असायचा, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी पार्सल आलं म्हणून. वॉचमनला मी दोनदा सांगून आले की निळी बॅग आली तर विचारत बसू नका, सरळ वर पाठवा. तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा मला येताना बघूनच त्याने दुरून हात हलवला, नाही म्हणून.

बाबांचे कपडे त्या बॅगेत होते, त्यामुळे ते माझ्या कंपनीत फुकट मिळालेले मोठे टी-शर्ट घालून हिंडत होते. छातीवर इंग्रजीत 'मोठा विचार करा' असं काहीतरी छापलेलं, आणि आत बाबा असे वाळल्यासारखे. बाल्कनीतून बाहेरच्या रिंग रोडवरच्या न हलणाऱ्या गाड्या बघायचे, आत यायचे, आईच्या मागून मला खुणेने विचारायचे, काही कळलं? मी मान हलवायचे. मग परत बाल्कनी. एकदा ते मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजले, "मी हैदराबादला जाऊन येतो. रात्रीची बस असते." मी त्यांच्यावर खेकसले की तिथे जाऊन काय विमानतळाच्या भिंतीला हाका मारणार का. बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण पहाटेपासून मी स्वतः त्याच बसचं वेळापत्रक बघत होते.

आई तेवढी शांत होती. माझा कुर्ता घालून तिने माझ्या फ्रिजचा ताबा घेतला होता. कढीपत्ता निवडला, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या कानडी आजींशी खुणांनी मैत्री केली आणि त्यांच्याकडून सांबाराचा मसाला आणला. माझी घालमेल बघून म्हणाली, "कपड्यांसाठी एवढं काहून करून राहिली तू? दोन साड्या जातील फार तर." मला तिच्या त्या शांतपणाचाही राग येत होता. तिला काही माहीत नाही म्हणून ती अशी निवांत आहे, आणि तिच्या वाटचं आम्ही दोघं जळतोय, असं मनात येऊन मी कधी तिच्यावर तडकायचे, कधी उगाच जाऊन तिच्या खांद्याला डोकं टेकवायचे. ती म्हणायची, सरक, फोडणी जळेल.

बुधवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. पानात भाकरी, वांग्याची भाजी. फोन वाजला आणि मी उष्ट्या हाताने स्पीकर लावला. काउंटरवरचा तोच माणूस होता.

"अक्का, बातमी अर्धी चांगली. हैदराबादला टॅग नसलेल्या तीन निळ्या बॅगा पडल्यात. तिन्हीला कुलूप. तुमची कुठली ते त्यांना कळंना. ते लोक फोनवर आहेत माझ्या, उघडून बघतात म्हणाले, पण अशी वस्तू सांगा जी दुसऱ्या कुणाच्या बॅगेत असणार नाही. आता सांगितलं तर संध्याकाळच्या विमानात टाकतात. नाहीतर मग ते मोठ्या गोदामात जातं, तिथनं आठ-दहा दिवस धरा."

मी म्हणाले, "मेल केला होता मी. सविस्तर."

"मेल माझ्याकडे येत नाही अक्का. ते ऑफिस वेगळं. मला सांगा ना."

स्पीकर बंद करून उठावं तर आईच्या लक्षात येणार, आणि फोन ताटापलीकडे आईच्या बाजूला. "मेतकूट," मी म्हणाले. "सांडगे."

पलीकडे तो कुणाशी तरी हिंदीत बोलला. "खायच्या पुड्या दोन बॅगांत आहेत म्हणतात. पिवळं पीठ दोन्हीत. अजून काही?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच होता. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. होय की नाही, मला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. शब्द माझ्या तोंडात आलेला होता. मी तो उच्चारला असता तर डबा मिळणार होता आणि आईचं काहीतरी कायमचं जाणार होतं, असं मला वाटत होतं. मी गप्प बसले. इतकी वर्षं जिला एक मिनिट गप्प बसता येत नाही असं सगळे म्हणतात, ती मी, नेमकी तेव्हा गप्प बसले.

"हॅलो? अक्का?"

आईने डाव्या हाताने फोन आपल्याकडे ओढला.

"दादा, मी हिची आई बोलून राहिले. लिहून घ्या. अगदी तळाशी यांचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा आहे, त्याची गुंडाळी. त्यात पांढरा प्लास्टिकचा डबा. डब्यात कापसात काचेच्या चार पट्ट्या आणि मेणाचे दोन ठोकळे. बाजूला खाकी पाकीट, त्यावर दवाखान्याचा शिक्का आणि माझं नाव." तिने नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, वर्गात सांगायची तसं. "माझ्या कॅन्सरच्या काचा आहेत त्या. उद्या सकाळी डॉक्टरांना द्यायच्या आहेत. आपटू नका म्हणावं."

मग तो माणूस म्हणाला, "सरी अम्मा. आत्ता सांगतो. फोन जवळ ठेवा." आणि फोन बंद झाला.

बाबांचा घास ताटात पडला. मला वाटलं ते काहीतरी सारवासारव करतील, पण ते टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसायला लागले आणि त्यांना ते थांबवता येईना. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. माझे कान तापले. तीन आठवडे आम्ही दोघांनी केलेलं सगळं नाटक, त्या खाणाखुणा, जिन्यातले फोन, हे सगळं ती समोर बसून बघत होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"हे पाकीट घेऊन आले त्या दिवशीच. कपाटाच्या वर ठेवलं यांनी, पेटीच्या मागे. दुपारी हे झोपले, मी काढून वाचलं. कार्सिनोमा म्हणजे काय ते मला समजतं न."

"आणि पायजमा?"

"कुलूप लावायच्या आधी बॅग मीच तर आवरली परत. यांनी सगळं वरखाली करून ठेवलं होतं. तळाशी हात लागला."

"मग काढून पिशवीत का नाही ठेवलंस, आई?" माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता, तिचा, बाबांचा, माझा, सगळ्यांचाच. "एवढं सगळं झालं नसतं."

ती बाबांकडे बघत होती. "काढला होता. हातात घेतला होता. मग वाटलं, हे एवढं जपून लपवून राहिले माझ्यापासून. मी काढला तर यांना समजेल की मला माहीत आहे. मग हे कोणाच्या भरवशावर उभे राहतील? म्हणून होता तसा गुंडाळून ठेवला." मग बाबांना म्हणाली, "अहो, जेवा आता. भाकरी गार होते."

बाबा जेवू शकत नव्हते. तिने त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. जरा वेळाने ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता. गेले दोन दिवस मी ज्याला तिचा निवांतपणा समजत होते तो त्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. तिथे भीती होती, साधी, उघडी.

"आता मला सांग," ती म्हणाली. "डॉक्टर तुमच्याशी बाहेर बोलले त्या दिवशी, ते काय काय म्हणाले? कुठवर गेला आहे तो? त्या कागदात मला ते समजलं नाही. आणि कोणाला विचारायची सोय नव्हती."

तीन आठवडे ती एकटीच त्या प्रश्नासोबत होती. आम्ही तिला वाचवत होतो.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. डॉक्टरांनी व्हरांड्यात सांगितलेलं पहिल्यापासून सांगायला लागले, काही न गाळता. गाठ केवढी आहे. काखेतल्या एका ठिकाणी पोचला असावा असं का वाटतं. त्याचे प्रकार असतात, त्यातल्या काहींना औषध चांगलं लागू पडतं, काहींना नाही, आणि आपला कोणता ते त्या काचा पुन्हा बघूनच ठरेल. ती मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, नेमकं, मुद्द्याचं. केस जातील का. किती महिने. मी जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले.

फोन वाजला. तोच नंबर. दोन दिवस ज्या फोनवर मी झडप घालत होते तो ताटापाशी वाजत होता आणि मी बोलत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच उचलला. हं, हं, करत ऐकलं.

"सापडली," ते म्हणाले. "संध्याकाळच्या विमानात टाकली."

"बरं झालं," आई म्हणाली. तिने माझ्यावरची नजर हलवली नाही. "तू सांग पुढे."